हस्तर आणि हनुमान : अद्भुताच्या दोन वाटा

२०२४ या एकाच वर्षात दोन अद्भुतपट चित्रपटगृहांत येऊन गेले. १२ जानेवारीला, संक्रांतीच्या तोंडावर, प्रशांत वर्मा यांचा मूळ तेलुगू ‘हनु-मान’ प्रदर्शित झाला; आणि १३ सप्टेंबरला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’, जो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिल्यांदा लागून फारशी गर्दी न खेचता उतरला होता, तो पुन्हा पडद्यावर आला. वरवर पाहता या दोन चित्रपटांचे एकमेकांशी नाते नाही, कारण एक लहान मुलांना खांद्यावर घेऊन सहकुटुंब पाहण्याचा सुपरहीरोपट आहे, तर दुसऱ्याला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले आहे. तरीही दोहोंचा कच्चा माल विलक्षण सारखा आहे: एक आडबाजूचे गाव, त्यातला एक गरीब तरुण, जमिनीच्या किंवा पाण्याच्या पोटात दडलेली दैवी वस्तू, आणि ती हाती आल्यावर माणसाचे काय होते हा प्रश्न. एकाच प्रश्नाची दोन इतकी वेगळी उत्तरे कशी घडतात, हे समजून घेण्यासाठी ही जोडी फार उपयोगी आहे, आणि कुंडल परिसरातल्या, म्हणजे कृष्णाकाठच्या सातारा-सांगली भागातल्या प्रेक्षकाला तर ती विशेष जवळची वाटावी अशी आहे.

सुपरहीरो म्हणजे अतिमानवी शक्ती लाभलेला, दुर्बळांचे रक्षण करणारा आणि बहुधा वेगळी ओळख किंवा वेश धारण करणारा नायक. या कल्पनेचे आजचे रूप अमेरिकेत १९३८ साली ‘सुपरमॅन’च्या चित्रकथेने रूढ केले, जेरी सिगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी मंदीच्या काळात निर्माण केलेला तो नायक सुरुवातीला पिळवणूक करणाऱ्या धनदांडग्यांशीच लढत असे. तुलनेतली दुसरी बाजू, कलाचित्रपट, ही संज्ञा त्यामानाने सैल आहे. जो चित्रपट प्रेक्षकाची अपेक्षा पुरी करण्यापेक्षा दिग्दर्शकाच्या दृष्टीला प्राधान्य देतो, कथेतले सगळे दुवे जोडून दाखवत नाही आणि अर्थ लावण्याच्या कामात प्रेक्षकाला सहभागी करून घेतो, त्याला सामान्यतः हे नाव दिले जाते. ‘तुंबाड’ हा या व्याख्येत काटेकोर बसणारा चित्रपट नाही, कारण त्यात भय आहे, उत्कंठा आहे आणि बांधेसूद कथानकही आहे. पण व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात २०१८ साली समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली, आणि हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला, ही गोष्ट त्याच्या वृत्तीविषयी पुरेसे सांगते.

या दोन्ही प्रकारच्या अद्भुताला सातारा-सांगली भागात जुनी बैठक आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर आणि शहापूर येथील सात आजच्या सातारा जिल्ह्यात, बहे-बोरगाव आणि बत्तीस शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात आणि मनपाडळे व पारगाव येथील दोन कोल्हापूर जिल्ह्यात येतात. बलोपासनेचा हा देव या मुलखातल्या गावोगावच्या तालमींत आजही तेलशेंदराने माखलेला उभा असतो, आणि कुंडलचे कुस्ती मैदान दक्षिण महाराष्ट्रात नावाजलेले आहे. ज्या औंध संस्थानात पूर्वी कुंडलचा समावेश होता, त्याचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आयुष्याचे कार्य मानले आणि १९१६ साली स्वतः काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ही प्रसिद्ध केले. दुसरीकडे सांगली संस्थानात १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा देव आणि राक्षस समोरासमोर उभे करूनच मराठी नाटक जन्माला आले. अद्भुत म्हणजे पोरखेळ, गंभीर कला म्हणजे वास्तव, ही विभागणी नंतरच्या काळात बाहेरून आलेली आहे. या मातीतल्या प्रेक्षकाने ती मुळात केलेली नव्हती.

‘हनु-मान’ची कथा अंजनाद्री या काल्पनिक गावात घडते. हनुमंतू हा भुरट्या चोऱ्या करणारा, थोरल्या बहिणीच्या, अंजम्माच्या, मायेखाली वाढलेला उनाड पोरगा आहे. गावावर गजपती नावाच्या पाळेगाराची, म्हणजे पिढीजात स्थानिक सत्ताधाऱ्याची, हुकमत आहे. त्याच्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला आखाड्यात उतरावे लागते आणि तिथे जिवाला मुकावे लागते. गावातल्या मीनाक्षी या तरुणीला वाचवताना जखमी होऊन पाण्यात पडलेल्या हनुमंतूला हनुमंताच्या रक्ताच्या थेंबापासून बनलेला रुधिरमणी सापडतो. सूर्यप्रकाश त्या मण्यावर पडला की त्याच्या अंगी अचाट बळ येते आणि सूर्य मावळला की तो पुन्हा साधा पोरगा होतो. कुस्तीच्या मैदानातला त्याचा पहिला विजय हा चित्रपटातला सर्वांत आनंददायी भाग आहे, आणि ज्या प्रेक्षकाने कुंडलच्या मैदानात अनोळखी पोराने नामांकित मल्लाला अस्मान दाखवल्यावर उठणारी आरोळी ऐकली आहे, त्याला त्या प्रसंगाची रचना समजावून सांगण्याची गरज नाही.

‘तुंबाड’मध्ये असा उजेड जवळपास नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यात जगबुडी नदीकाठी असलेल्या या गावाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. चित्रपटाने मात्र कादंबरीतून नावापलीकडे फारसे काही घेतलेले नाही. कथेचे बीज नारायण धारप यांच्या भयकथेत आहे, आणि दिग्दर्शक हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव आहेत. त्यामुळे संवाद हिंदीत असले तरी हा चित्रपट मनाने मराठी आहे. चित्रपटाने स्वतःसाठी एक पुराण रचले आहे. पूर्तीच्या देवीचा, म्हणजे सर्व गरजा भागवणाऱ्या पृथ्वीमातेचा, पहिला पुत्र हस्तर. त्याने आईचे सोने बळकावले, पण धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या गर्भात दडवले, ते एका अटीवर: त्याची पूजा कधीही होणार नाही, त्याचे नाव विस्मृतीत जाईल. तुंबाडच्या एका घराण्याने सोन्याच्या आशेने त्याचेच देऊळ बांधले आणि देवांच्या कोपाने त्या गावावर न थांबणारा पाऊस सुरू झाला.

१९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत विनायक या माणसाचे आयुष्य उलगडते. वाड्यात साखळदंडाने बांधलेल्या शापित म्हातारीकडून त्याला रहस्य कळते: विहिरीतून देवीच्या गर्भात उतरायचे, पिठाचे रिंगण आखून त्यात बसायचे, पिठाची बाहुली भुकेल्या हस्तरापुढे टाकायची आणि तो खाण्यात गुंतलेला असताना त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी झटकून घ्यायची. विनायक पुण्यात श्रीमंत होतो, पण एका वेळी मूठभर नाणी एवढाच त्याचा व्यापार राहतो आणि त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा मरणाच्या तोंडी जावे लागते. सोन्याचा मालक असलेला देव पिठासाठी आसुसलेला आहे, आणि पोट भरलेला माणूस सोन्यासाठी. हा उलटा न्याय हीच ‘तुंबाड’ची सर्वांत खोल कल्पना आहे. दुष्काळाच्या आठवणी अंगावर वागवणाऱ्या आटपाडी-जतच्या प्रेक्षकाला ती शहरी प्रेक्षकाहून लवकर भिडेल, जरी तिथे वरदान मानला जाणारा पाऊस या चित्रपटात शाप म्हणून कोसळत असला तरी.

आता या दोन चित्रपटांतला खरा फरक कुठे आहे ते पाहता येते. एकाला करमणूक आणि दुसऱ्याला विचार म्हणणे सोपे असले तरी ते खरे नाही, कारण ‘हनु-मान’मध्येही विचार आहे. त्यातला खलनायक मायकल लहानपणापासून सुपरहीरो होण्याच्या वेडाने इतका पछाडलेला आहे की, मोठे नायक अनाथ असतात या समजुतीने तो स्वतःच्याच आईवडिलांचा जीव घेतो. शक्तीची हाव हीच विकृती आहे, हे याहून थेट शब्दांत सांगणे अवघड आहे, आणि सुपरहीरोपटाने आपल्याच प्रकाराविषयी इतका कडक प्रश्न विचारावा, याचे श्रेय वर्मा यांना दिलेच पाहिजे. पण चित्रपट ही सगळी हाव खलनायकाच्या पदरात टाकतो. हनुमंतूला शक्ती न मागता मिळते, त्यामुळे तो निष्कलंक राहतो, आणि त्याच्या बाजूने बसलेला प्रेक्षकही निष्कलंक राहून घरी जातो. ‘तुंबाड’मध्ये असा निवारा नाही. तिथे हाव नायकाच्याच ठिकाणी आहे, आणि विनायक विहिरीत उतरतो तेव्हा प्रेक्षकाचे मनही नाणी किती हाती लागतील याचा हिशेब करत त्याच्याबरोबर उतरते. तो सुखरूप वर यावा असे वाटते, आणि असे वाटणे हाच आपला अपराध आहे, हे हळूहळू उमगत जाते. चित्रपट अवघड वाटतो तो कथा कळत नाही म्हणून नव्हे. कथा कोणालाही कळते. अवघड जाते ते आपल्याला कोणत्या जागी बसवले आहे हे मान्य करणे.

चित्रणाची तऱ्हाही यातूनच ठरलेली आहे. ‘हनु-मान’ सुमारे १५८ मिनिटांचा आहे. त्यात माकडाच्या तोंडून निवेदन आहे, विनोद आहे, गाणी आहेत, आणि शक्ती प्रकट होण्याच्या प्रत्येक क्षणाआधी पार्श्वसंगीत प्रेक्षकाला त्या क्षणासाठी तयार करते. मण्याचा नियम, म्हणजे सूर्य असेल तर बळ आणि नसेल तर नाही, लवकरच स्पष्ट केला जातो, कारण नियम माहीत असला तरच संध्याकाळ होत आल्यावर जीव टांगणीला लागतो. ‘तुंबाड’ १०४ मिनिटांत आटोपतो. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात बराचसा प्रकाश कंदिलाचा आणि ढगाळ आकाशाचा आहे. खऱ्या पावसात चित्रण करायचे म्हणून पथकाने एकाहून अधिक पावसाळे वाट पाहिली. हस्तर फार थोडा वेळ दिसतो, आणि तोवर न दिसणाऱ्या गोष्टीचे भय प्रेक्षकाने स्वतः रचलेले असते. भीती वाढवण्यासाठी न दाखवणे हे कलाचित्रपटाचे खास शस्त्र आहे. शक्तीचा आनंद देण्यासाठी भरभरून दाखवणे हे सुपरहीरोपटाचे. दोन्ही शस्त्रे परजायला कसब लागते, आणि सुमारे ४० कोटींत ‘हनु-मान’ने उभी केलेली दृश्ये पाहिली तर त्याच्या तंत्रज्ञांचे कौतुक करण्यात कंजुषी करण्याचे कारण उरत नाही.

तालमीच्या मुलखातल्या माणसाला आणखी एक गोष्ट सहज दिसेल. पहिलवानाचा लंगोट हे संयमाचे, ब्रह्मचर्याचे आणि वस्तादाला दिलेल्या शब्दाचे चिन्ह आहे, आणि मारुती हा त्या व्रताचा साक्षी आहे. ‘तुंबाड’मध्ये नेमका तोच लंगोट सोन्याची थैली झाला आहे, जे वस्त्र इच्छेला बांधून ठेवण्यासाठी होते, तेच इच्छेचे घर झाले आहे. मारुती आणि हस्तर यांना शेजारी ठेवले तर एकाच्या देहात बळ आहे आणि मागणे काही नाही, दुसऱ्याच्या देहात केवळ मागणे आहे.

तथापि ‘हनु-मान’विषयी कुंडलच्या इतिहासातून एक गंभीर हरकत उभी राहते. या चित्रपटात जुलमी गजपतीपुढे गाव हतबल आहे. मीनाक्षी गावाला शहाणे करू पाहते, पण प्रत्यक्ष सुटका मणी मिळालेल्या एकाच्याच हातून होते आणि बाकीचे गाव टाळ्या वाजवायला उरते. कुंडलने याच्या नेमके उलटे पाहिले आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रज सत्तेला समांतर उभारलेल्या राज्यकारभाराचे, कुंडल हे एक मुख्य केंद्र होते, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या तुफान सेनेत शेतकऱ्यांची पोरे होती, आणि जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेचा पगाराचा पैसा लुटण्याचे धाडस त्यांनी कोणत्याही मण्याविना केले. सावकारांना आणि गावगुंडांना जरब बसवणारी न्यायदान मंडळे, भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायका, निरोप नेणारी मुले, अशा शेकडो हातांनी तो लढा चालला. ज्या भूमीने असा सामूहिक पराक्रम केला, तिथल्या प्रेक्षकाने एकट्या तारणहाराच्या कथेला टाळी जरूर द्यावी, पण बाकीचे गाव काय करत होते, हा प्रश्नही विचारावा. सुपरहीरोपटाचा सर्वांत मोठा दोष हाच की, तो हा प्रश्न सुचूच देत नाही.

‘तुंबाड’ या काळाकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. त्याचे तीन टप्पे इंग्रजी अमलाच्या शेवटच्या तीस वर्षांवर पसरलेले आहेत. विनायकाची नाणी विकत घेणारा राघव इंग्रज अधिकाऱ्याकडून अफूचा परवाना मिळवण्याच्या खटपटीत आहे, आणि १९४७ उजाडते तेव्हा वाडा सरकारजमा होण्याची वेळ आलेली असते. विनायकाच्या हिशेबात स्वातंत्र्याचा अर्थ एवढाच उरतो की, आता एका खेपेत सगळा लंगोट पळवला पाहिजे. ही सूचना त्याच्या मुलाची, पांडुरंगाची, असते आणि तिच्यातूनच सर्वनाश ओढवतो, कारण जितक्या बाहुल्या तितके हस्तर. शेवटी शापित होऊन वर आलेला बाप मुलापुढे तो लंगोट धरतो आणि मुलगा तो घेत नाही. पांडुरंगाचे आणि शापित म्हातारीचे काम मोहम्मद समद या एकाच बालनटाने केले आहे. ज्या चेहऱ्यावर हावेचा शाप कोरलेला होता, त्याच चेहऱ्याने हाव नाकारावी, ही योजना चित्रपट संपल्यावर बऱ्याच वेळाने लक्षात येते आणि मग मनातून जात नाही.

गर्दी खेचणारा चित्रपट आणि जाणकारांचा चित्रपट यांत भिंत असलीच पाहिजे, असे मात्र मराठी चित्रपटाचा इतिहास सांगत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये हनुमंताला आकाशातून उडवले, तेव्हा ती युक्तिछायाचित्रणाची, म्हणजे कॅमेऱ्याच्या करामतीने अशक्य ते दाखवण्याची, कला होती आणि लोकांनी तिला अपार गर्दीही केली. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन होऊन पुढे पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हे तर याचे सर्वोत्तम उदाहरण आहे. दामले-फत्तेलाल यांच्या या १९३६ सालच्या चित्रपटाला मुंबईत एका वर्षाहून अधिक काळ प्रेक्षक लोटत होते, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत, वैकुंठाला निघालेले विमान आहे, आणि राजाकडून आलेले धन परत पाठवणारा नायकही आहे. सोने नाकारणारा पांडुरंग ‘तुंबाड’च्या शेवटी जे करतो, त्याची परंपरा ही अशी घरातलीच आहे.

मग २०१८ साली ‘तुंबाड’ का चालला नाही? त्याला ओळखीचे नट नव्हते, नवे गाणे गाजलेले नव्हते, आणि प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राने कुटुंबे दूर राहिली, ही कारणे खरी आहेत. पण सर्वांत मोठे कारण वेळेचे होते. सुपरहीरोपट पहिल्या तीन दिवसांत आपली माणसे गोळा करतो, तर अशा चित्रपटाला एका प्रेक्षकाने दुसऱ्याला सांगेपर्यंतची उसंत लागते आणि चित्रपटगृहे ती देत नाहीत. पुढे घरच्या पडद्यावर तो लाखोंनी पाहिला, एकमेकांना दाखवला, त्याच्यावर वाद घातले, आणि सहा वर्षांनी तो परतला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी अधिक कमाई झाली. ‘हनु-मान’ची अडीचशे कोटींहून अधिक असलेली उलाढाल त्याच्या तुलनेत फार मोठी आहे, पण पुनर्प्रदर्शनात पहिल्या प्रदर्शनाला मागे टाकण्याचा प्रकार त्याहून दुर्मीळ आहे. प्रेक्षकाला अवघड चित्रपट नको असतो, असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

कुशलतेच्या दृष्टीने ‘हनु-मान’ हा आपल्या प्रकारातला उत्तम चित्रपट आहे आणि लहान मुलांना तो जरूर दाखवावा. पण दोहोंपैकी थोर चित्रपट ‘तुंबाड’ आहे, कारण तो पाहणाऱ्याला सोडत नाही. पुण्याच्या आशय फिल्म क्लबने आणि मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने चित्रपट पाहून त्यावर बोलण्याची जी सवय शहरांत लावली, ती कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी, तासगाव या टापूत रुजायला काहीच अडचण नाही. इथे महाविद्यालये आहेत, वाचनालये आहेत आणि वाद घालणारी माणसे तर आहेतच. या भागातल्या एखाद्या महाविद्यालयाने एका शनिवारी ‘हनु-मान’ आणि दुसऱ्या शनिवारी ‘तुंबाड’ दाखवून त्यानंतर तासभर चर्चा ठेवावी, आणि त्या चर्चेला तालमीतल्या वस्तादांना आणि प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांच्या घरच्या मंडळींना आवर्जून बोलवावे.